जुन्या विंडोजवर नवं चढवू नका, शेजारी उभं करा

पत्र : वेंगुर्ल्याजवळ आमचा घरगुती उद्योग आहे. कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, लोणची. दुकानातला कॉम्प्युटर २०१२ साली जुळवून घेतलेला. आय-३ प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. टॅली ईआरपी ९ मधली बिलं, पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टने केलेली बाटल्यांची लेबलं आणि इतक्या वर्षांचे फोटो, सगळं त्याच्यावरच. आता बँकेची साइट उघडत नाही, जीएसटीची अर्धवट उघडते, ब्राउझर जुना झाला म्हणून सांगतो. मुंबईचा भाचा म्हणतो, पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि थेट विंडोज ११ टाकून देतो. बाजारातला कॉम्प्युटरवाला आठशे रुपयांत फॉरमॅट मारून द्यायला तयार आहे. यातलं काहीच करायला हात धजत नाही. आणि करायचंच तर सीझनच्या आधी करू की पावसात, दुकान थंड असताना?
– एक उद्योजिका, ता. वेंगुर्ला

उत्तर : ताई, हात धजत नाही ते बरंच आहे. भाच्याचा उपाय आणि बाजारातला उपाय वेगळे वाटले तरी मेख एकच आहे. दोघंही तुमच्या एकुलत्या एका डिस्कवर हात घालणार. सगळं नीट झालं तर ठीक. मध्येच लाईट गेली, पेनड्राइव्ह खराब निघाला किंवा नव्या विंडोजवर टॅली उघडेना, तर मागे फिरायला वाट नाही. म्हणून नवं विंडोज जुन्याच्या अंगावर चढवूच नका. ते वेगळ्या डिस्कवर किंवा वेगळ्या मशिनवर उभं करा, महिनाभर त्यावर सगळा व्यवहार करून बघा आणि तोवर जुन्या डिस्कला कुणालाही हात लावू देऊ नका.

सुरुवात मात्र एका फुटकळ गोष्टीपासून करा. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तारीख बरोबर आहे का? इतक्या जुन्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी (सीआर २०३२) एव्हाना संपलेली असते. मग रात्री स्विच बंद केला की सकाळी कॉम्प्युटर काही वर्षं मागे जागा होतो. तारीख चुकली की बँकेच्या साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरला मुदतीबाहेरचं वाटतं आणि तो साइट उघडूच देत नाही. तारीख दुरुस्त करून साइट उघडली, तर सेल बदला. घड्याळवाल्याकडे मिळतो.

पण तेवढ्यावर निभावणार नाही. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ ची. त्यानंतर ब्राउझरमध्ये सापडलेली भोकं तुमच्याकडे उघडीच आहेत. तेव्हा पुढचं काम कधीही होवो, बँकेचं काम या मशिनवर आजपासून बंद. तोवर फोनवरून करा.

आता भाच्याचं म्हणणं. विंडोज ७ वरून विंडोज ११ वर फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून थेट जाता येत नाही. डिस्कवर कोरं इन्स्टॉलेशनच करावं लागतं. त्यात तुमचा २०१२ चा आय-३ दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (डिजिटल किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. या अटी चुकवून ते बसवता येतं, भाचा बहुधा तसाच पेनड्राइव्ह आणणार आहे, आणि ते चालतंही. पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची नवी आवृत्ती आपसूक येत नाही, दर वेळी तीच कसरत हाताने करावी लागते. घरात सिनेमे बघायच्या कॉम्प्युटरवर हा खेळ खुशाल करावा. जिथून जीएसटी भरता आणि पैसे पाठवता, तिथे नको.

मग मधला विंडोज १०? त्याचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढवून दिलेल्या सुरक्षा अपडेटची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. शिवाय विंडोज ७ च्या लायसन्स-कीवर विंडोज १० फुकटात चालू होण्याची वाट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केली. एका बंद पडलेल्या गाडीतून उतरून दुसऱ्या बंद पडणाऱ्या गाडीत बसण्यात अर्थ नाही.

आठशे रुपयांच्या फॉरमॅटबद्दल थोडक्यात. त्या पैशांत विंडोजचं लायसन्स येत नाही. म्हणजे चोरीचं विंडोज आणि ते ‘ॲक्टिव्हेट’ करणारं एक छोटं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर चालावं म्हणून अँटिव्हायरस आधी बंद करायला लागतो. आत आणखी काय आलं हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि फॉरमॅट करण्याआधी ‘डी ड्राइव्ह तसाच ठेवतो’ असं आश्वासन मिळेल, त्यावर विसंबू नका. तुमचा महत्त्वाचा डेटा बहुतेक सी ड्राइव्हवरच आहे, ते खाली येतंच.

डेटा आधी, बाकी सगळं नंतर

एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या आणि जोडीला ६४ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह. हार्ड डिस्कवर सगळं, पेनड्राइव्हवर ज्याच्यावाचून धंदा अडेल तेवढंच: टॅली, लेबलं, फॉन्ट, महत्त्वाचे कागद. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. एक दुकानात, एक घरी.

कॉपी सुरू करण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कवरच्या नोंदी वाचून दाखवतं. त्यातल्या ०५, सी-५ आणि सी-६ या तीन ओळी महत्त्वाच्या. तिन्हींसमोर शून्य असेल तर निवांत कॉपी करा. सी-५ समोर शून्याहून जास्त आकडा असेल, तर डिस्कचे काही भाग वाचताना अडखळतायत असा त्याचा अर्थ. अशा वेळी लोक हटकून डिस्क-चेक लावतात किंवा डीफ्रॅगमेंट करतात. तेच करायचं नाही. आजारी डिस्कला रात्रभर घासायला लावलं तर ती सकाळी उठत नाही. आधी टॅली, मग लेबलं, मग फोटो या क्रमाने जे मिळेल ते उचलून घ्या.

बाहेरची डिस्क मागच्या बाजूच्या काळ्या यूएसबी पोर्टला लावा. पुढच्या पोर्टच्या वायरी आत सैल झालेल्या असतात, आणि निळं यूएसबी ३ पोर्ट असलंच तर विंडोज ७ ला त्याचा ड्रायव्हर वेगळा लागतो. काळ्या पोर्टचा वेग सेकंदाला सुमारे तीस एमबी धरा. दोनशे जीबी जायला दोन तास, बारीकसारीक फोटो हजारोंनी असतील तर त्याहून जास्त.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना आठवतं. विसरतात ते पुढचं.

टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर वरच त्याचा पत्ता दिसतो, तो फोल्डर पूर्ण उचला. शिवाय टॅलीतून ऑल्ट-एफ३ दाबून ‘बॅकअप’ही घ्या. फोल्डरची प्रत आणि टॅलीचा बॅकअप, दोन्ही हवेत. एक उघडला नाही तर दुसरा उपयोगी पडतो. टॅलीचा सिरीअल नंबर आणि लायसन्सला जोडलेला ईमेल कागदावर लिहून घ्या, आणि तो ईमेल तुम्हाला उघडता येतो ना, हे आजच बघा. दहा वर्षांपूर्वी टॅली बसवून देणाऱ्याने किंवा हिशेब लिहिणाऱ्याने स्वतःचाच ईमेल दिलेला असतो. नव्या मशिनवर ॲक्टिव्हेट करताना लायसन्सची की त्याच पत्त्यावर जाते, आणि तो माणूस तोवर गाव सोडून गेलेला असतो.

फॉन्ट. विंडोजच्या फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर पूर्ण कॉपी करा. श्रीलिपीची सीडी आणि यूएसबीला लावायचं हार्डवेअर लॉक असेल तर तेही शोधून एका पाकिटात ठेवा. लॉक हरवलं की श्रीलिपी गेली.

क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या. पासवर्डची फाइल मात्र साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं. नव्या मशिनवर आणल्यावर ती सगळीकडून पुसून टाका. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइलही घ्या.

कॉपी झाली म्हणून थांबू नका. मूळ फोल्डरवर आणि प्रतीवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळले पाहिजेत. नंतर ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपला लावून मधलेच दहा-बारा फोटो, दोन लेबलं आणि एखादा जुना करार उघडून बघा. जुन्या मशिनवरच तपासलं तर ती तपासणी अर्धीच. मग डिस्क काढून ठेवा. जोडलेली ठेवली तर विजेचा एक लोळ किंवा एक व्हायरस मूळ आणि प्रत दोन्ही एकदम घेऊन जातो.

लेबलांचं प्रकरण

हे वेगळं सांगायला हवं, कारण याच ठिकाणी लोक फसतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर हा कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत आहेत, आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशिनवर तेच लेबल उघडलं की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, मुखवटा गळलेला असतो.

म्हणून विंडोज ७ चालू आहे तोवर प्रत्येक लेबल पेजमेकरमधून पीडीएफ करून घ्या, फॉन्ट आतच बसवून. ‘एम्बेड’ हा पर्याय निवडल्याची खात्री करा आणि ती पीडीएफ फोनवर उघडून बघा. फोनवर मराठी नीट दिसली तर फॉन्ट आत बसला. मग तीच पीडीएफ कुठल्याही प्रेसला देता येते, पेजमेकर असो वा नसो.

बदल मात्र पीडीएफमध्ये करता येत नाहीत. पेजमेकरचं काम अडोबीने केव्हाच थांबवलं, ७ ही त्याची शेवटची आवृत्ती. ते नव्या विंडोजवर ओढूनताणून बसवण्यात वेळ घालवू नका. लेबलं हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या संकेतांत, नव्याने करा, सीझनला एक-दोन. फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, काम हलकं करतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उलटा. कन्व्हर्टरचा हा क्रम चुकला की मिरचीची ‘िमरची’ होते आणि वेंगुर्लाचं ‘वेंगुलार्’. हे निदान दिसतं तरी. आकडे बदलले तर दिसतही नाहीत. वजन, किंमत, मुदत आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर मूळ लेबल हातात धरून दोघांनी मिळून वाचा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

मग घ्यायचं काय

टॅलीवाचून तुमचा दिवस जात नाही, तेव्हा विंडोज हवंच. आमचा सल्ला: आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला वापरलेला डेस्कटॉप घ्या आणि जुन्या मशिनला लेबलांपुरतं ठेवा. जुन्याच मशिनला जास्त रॅम, नवी डिस्क, वर विकतचं विंडोज असं करत बसलात तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वापरलेला घेताना प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा. ‘आय-५’ एवढं पुरत नाही. आय-५ ८५०० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. आय-५ ७५०० दिसायला तसाच, वेगालाही बरा, पण विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विकणारा तो ‘विंडोज ११ वाला’ म्हणूनच दाखवतो. दहाव्या पिढीपासून आकडा पाच अंकी होतो, तिथे पहिले दोन अंक बघायचे. एएमडीचा असेल तर रायझन ३००० मालिकेपासून पुढचा घेतलात की घोळ नाही. रॅम आठ जीबी, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) २५६ जीबी. याहून कमी नको, जास्तीची गरज नाही.

दुकानातच सुरू करायला लावा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून हिरवा शेरा बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं हवं. टीपीएम सापडत नाही असं आलं तर लगेच नाकारू नका, कधी कधी तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) नुसता बंद असतो. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. विकणाऱ्याला चालू करून दाखवायला सांगा.

आणि प्रिंटर. तुमच्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर आहे का, ते मशिन घेण्याआधी प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवर बघून घ्या. जुना प्रिंटर रुंद पंचवीस पिनांच्या केबलचा असेल तर नव्या मशिनला ते पोर्ट बहुधा नसेल.

दुसरा मार्गही आहे. खर्च आत्ता झेपत नसेल आणि टॅलीचं काम हिशेबनीसाकडे देऊन चालणार असेल, तर याच मशिनमध्ये २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी बसवा, डीडीआर-३ ची डेस्कटॉपची चार जीबीची पट्टी वाढवा आणि लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, लायसन्सचा प्रश्न नाही, आणि आय-३ ला ते पेलतं. बँक, जीएसटी, पत्रव्यवहार, फोटो सगळं नीट होतं. टॅली आणि पेजमेकर त्यात नाही. मिंट पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येतं. तासभर तसं चालवा आणि वाय-फाय व प्रिंटर चालतो का बघा. एचपी १०२० सारख्या लेझर प्रिंटरला एचपीचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंटर ओळखला जातो पण कागद निघत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून ठेवायचा नियम इथेही तोच.

नवं विंडोज बसवताना

वापरलेल्या मशिनवर विकणाऱ्याने घातलेलं विंडोज तसंच वापरू नका. कोरं घाला. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर सगळं तयार करून देतं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या, डेटाची प्रत असलेला नव्हे. डाउनलोड पाच-सहा जीबीचं आहे. रेंज एक काडी येणाऱ्या वाडीत फोनच्या हॉटस्पॉटवर हे करायला बसू नये. हे काम भाच्याला सांगा: मुंबईच्या फायबरवर, याच अधिकृत टूलने, कुठल्याही अटी न चुकवता पेनड्राइव्ह बनवून आण.

इन्स्टॉल सुरू करण्याआधी मशिनला फक्त कीबोर्ड, माउस, स्क्रीन आणि हा पेनड्राइव्ह. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली नको. ‘कुठल्या डिस्कवर टाकू’ विचारणाऱ्या पडद्यावर डिस्क ०, डिस्क १ एवढीच नावं दिसतात, आणि घाईत माणूस आपला बॅकअपच पुसून मोकळा होतो. एकच डिस्क जोडलेली असेल तर ही चूक करताच येत नाही. की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, आणि होम की प्रो ते मशिनवर आधी होतं तेच ठेवा. लायसन्स मशिनच्या बोर्डाशी जोडलेलं असतं. नेट मिळालं की आपोआप चालू होतं.

मायक्रोसॉफ्ट खातं विचारेल, तिथे तुमचा ईमेल द्या. भाच्याचा नको. कारण या खात्याने चालू केलेल्या नव्या विंडोजमध्ये डिस्कला बऱ्याचदा आपोआप कुलूप लागतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. पुढे कधी बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं, तर कॉम्प्युटर ती की मागतो. की भाच्याच्या खात्यात आणि भाचा नोकरीला परदेशी, असं झालं तर घोडं तिथेच पेंड खातं. खात्यात जाऊन ती की बघा, कागदावर उतरवा, दुकानाच्या परवान्यांच्या फायलीत ठेवा.

मग विंडोज अपडेट. ‘अप टू डेट’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा, मध्ये दोन-तीनदा रीस्टार्ट होईल. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे, वेगळा अँटिव्हायरस विकत घेऊ नका. सगळे अपडेट झाल्यावरच बॅकअपची डिस्क जोडा, डिफेंडरने ती पूर्ण तपासा आणि मग फाइली आत घ्या.

टॅली शेवटी. जुन्या मशिनवर लायसन्स ‘सरेंडर’ करा आणि नव्यावर ॲक्टिव्हेट करा. सरेंडर केलेली जुनी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जाते. डेटा बघता येतो, पण नोंदी महिन्याच्या ठरावीक तारखांनाच घेते, त्यामुळे शेवटचा बॅकअप सरेंडरच्या आधी घ्या. टॅलीप्राइमवर (ईआरपी ९ नंतरची टॅली) जाणार असाल तर टीएसएस (टॅलीच्या अपडेटची वर्गणी) चालू आहे का ते विचारून घ्या. जुना डेटा त्यात ‘मायग्रेट’ करावा लागतो, आणि तो नेहमी प्रतीवरून करावा. झाल्यावर जुनं आणि नवं मशिन शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा: ट्रायल बॅलन्सची बेरीज, स्टॉक समरी आणि शेवटच्या बिलाचा नंबर. यातलं एकही जुळलं नाही तर नवी नोंद टाकू नका. एकदा दोन्हीकडे वेगळ्या नोंदी झाल्या की ते निस्तरायला हिशेबनीस महिना घेतो.

कधी करायचं

सीझनच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. आंबापोळीच्या ताटांनी अंगण भरलं की कॉम्प्युटरकडे बघायला कुणाला वेळ नसतो. महिन्यातले दिवसही बघून घ्या. दरमहा भरत असाल तर ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. २१ ते २५ या तारखा मोकळ्या.

पावसात करायचंच झालं तर त्यातलं काय जोखमीचं आणि काय नाही, ते कळलं की भीती कमी होते. डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर पुन्हा सुरू करा. कॉपी चालू असताना गेली तर तेवढा फोल्डर पुन्हा. कोऱ्या एसएसडीवर विंडोज बसत असताना गेली तरी तासभर वाया, बाकी काही नाही, कारण तिथे गमावण्यासारखं अजून काही नसतंच. तीच लाईट जुन्या डिस्कवर अपग्रेड चालू असताना गेली असती तर मात्र पंचाईत होती. आणि बायोस अपडेट करताना गेली तर बोर्डच मेला, तेव्हा कुणी सुचवलं तरी गरज नसताना बायोसला हात लावू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या. तो दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात नीट बंद करता येतं. गडगडाट सुरू झाला की पॉवरचा प्लग आणि राउटरची केबल दोन्ही काढा. वीज नेटच्या तारेनेही येते, हे विसरलं जातं.

जुनं मशिन उघडायचं असेल, सेल बदलायला किंवा एसएसडी लावायला, तर प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग आत हात घाला. खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात आणि मशिन सुरू न होता नुसतं बीप-बीप करतं. पट्टी काढून पांढऱ्या खोडरबराने दात हलके पुसा, कीस झटका, टक आवाज येईपर्यंत परत बसवा. निम्मी ‘मेलेली’ मशिनं एवढ्यावर उठतात.

जुन्या मशिनचं पुढे

नेटची केबल काढा, वाय-फायचा डोंगल असेल तर तोही काढा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड बंद करून टाका म्हणजे सवयीने कुणी जोडणार नाही. त्यावर फक्त लेबलं. तिथून बाहेर पीडीएफ जाते, बाहेरून आत काही येत नाही. त्यासाठी एक पेनड्राइव्ह वेगळा राखा आणि त्यावर खूण करा.

सगळी लेबलं युनिकोडमध्ये आली की मशिन भंगारात गेलं तरी चालेल, डिस्क देऊ नका. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि जुना हिशेब मूळ रूपात त्याच डिस्कवर आहे. ती अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा. लोखंडी कपाट समुद्राकडच्या भिंतीला असेल तर त्यात नको. सहा महिन्यांतून एकदा साटा-टू-यूएसबी केबलने जोडून पाच-दहा मिनिटं फिरवा, दोन फाइली उघडा आणि पुड्या बदला. साडेतीन इंची डिस्कला स्वतःच्या पॉवर अडॅप्टरची केबल लागते, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. डब्यावर तारीख, टॅलीच्या कंपनीचं नाव आणि टॅलीचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय ते चिकटवा.